मुक्कामाचं कारण

कुंदाताई वैरागडे रागावल्या नाहीत असा एकही दिवस मला आठवत नाही. ग्लासगोतल्या आमच्या ऑफिसात त्यांचं टेबल खिडकीशी होतं, आणि सकाळी कोट काढून खुर्चीवर टाकायच्या आत त्यांचा पहिला राग निघालेला असे. कधी उशिरा आलेल्या ट्रेनवर, कधी रेडिओवर बोललेल्या एखाद्या मंत्र्यावर, कधी किटली रिकामी ठेवून गेलेल्या माणसावर. नवीन आलेले लोक घाबरायचे. मीही घाबरलो. पुढे कळलं की ताई मराठीत रागावत असतील तर काळजीचं कारण नाही. खरा राग आला की त्यांचा आवाज खाली जाई आणि त्या अतिशय स्वच्छ इंग्रजी बोलू लागत. ‘विथ रिस्पेक्ट’ हे शब्द त्यांच्या तोंडून आले, की समोरच्याने सावरून बसावं.

आमची कंपनी छोटी होती. कौन्सिलांना, म्हणजे इथल्या नगरपालिकांना, आर्थिक अहवाल लिहून देणं हा आमचा धंदा. स्कॉटलंडमध्ये आता कौन्सिलांना पाहुण्यांच्या मुक्कामावर कर लावता येतो. हॉटेलच्या, गेस्टहाउसच्या बिलावर वरून थोडी टक्केवारी. कागदावर त्याला ‘व्हिजिटर लेव्ही’ म्हणतात, लोक ‘टुरिस्ट टॅक्स’ म्हणतात. तो लावण्याआधी कौन्सिलला जाणून घ्यायचं असतं, की यातून किती येईल, किती पाहुणे बिचकतील, आलेल्या पैशातून काय होईल आणि त्याचा फायदा काय. पाहुण्यांचे असले हिशेब मोजण्यात ताईंची बरीच वर्षं गेली होती. नागपूरहून त्या नवऱ्यामागे आल्या. काका इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. ताईंनी मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा युनिव्हर्सिटीत नाव घातलं आणि अर्थशास्त्र नव्याने शिकल्या.

मी मेहकरचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. ग्लासगोत एमएस्सी झालो आणि याच कंपनीने मला नोकरी आणि व्हिसा दिला. मुलाखत घेणाऱ्यांत ताई होत्या. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हणालो.

“मेहकर म्हणजे बुलढाणा जिल्हा ना?” त्या म्हणाल्या. “मग मॅडम काय म्हणून राहिला? दुकानात साडी दाखवतोस का मला? ताई म्हण.”

त्या दिवसापासून ताई. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या पर्समधून एक बाटली निघे, ठेच्याची. सँडविच असो, सूप असो, ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीतली टर्की असो, त्यावर ठेचा पडे. आमचे डायरेक्टर ग्रॅहम यांनी एकदा हौसेने चमचाभर घेतला होता. त्यानंतर ते ती बाटली दिसली की खुर्ची मागे घेत.

माझा पहिला मसुदा मी मोठ्या मेहनतीने लिहिला होता. ताईंनी तो परत दिला तेव्हा जिथे जिथे ‘फायदा’ होता तिथे तिथे खाली रेघ होती आणि कडेला एकच शब्द, ‘कोणाला?’

मी म्हणालो, “ताई, शहराला.”

“शहराला पोट असते का रे? शहराला भाडं भरावं लागते? ‘शहराला फायदा’ असं लिहिणारा माणूस एक तर आळशी असतो, नाही तर काही तरी लपवून राहिला असतो. तू आळशी दिसतोस, म्हणून सोडते. जा, पुन्हा लिही.”

मी पुन्हा लिहिलं. हॉटेलमालकाला किती, खोल्या साफ करणाऱ्या बाईला किती, बसच्या कंपनीला किती. लिहिता लिहिता लक्षात आलं, की त्या बाईच्या पुढ्यात लिहायला जवळजवळ काही नाही. ताईंनी ते पान वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेच्याची बाटली ठेवली. तेवढंच कौतुक.

कोणी असं समजू नये की ताई करांच्या विरुद्ध होत्या. उलट होतं. त्यांचं म्हणणं, ज्या रस्त्यांवरून पाहुणे बॅगा ओढत जातात, जे सार्वजनिक संडास वापरतात, जो कचरा मागे ठेवतात, त्याचा भार गावातल्या भाडेकरूवर का? एका सभेत एक हॉटेलमालक उभे राहिले. लाल चेहऱ्याचे, टाय लावलेले. म्हणाले, हा कर आला तर माझे पाहुणे दुसऱ्या गावाला जातील, मला कुलूप लावावं लागेल.

ताई म्हणाल्या, “फुटबॉलची मॅच असते त्या शनिवारी तुम्ही खोलीचा भाव दुप्पट करता. तेव्हा पाहुणे कुठे जातात?”

“तो बाजार आहे, मिसेस वैरागडे.”

“हो ना. तुम्ही वाढवलं की बाजार, आणि संडास धुण्यासाठी आम्ही चार पैसे मागितले की कुलूप.”

सभागृह हसलं. हॉटेलमालकही शेवटी हसले. परतताना ट्रेनमध्ये ताई मात्र फणफणत होत्या, की हसणं सोपं आहे, संडास अजून बंदच आहेत.

मग ते काम आलं. उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावरच्या शहराचं. त्याचं नाव मी लिहीत नाही. कौन्सिलचा विचार जवळजवळ पक्का होता. त्यांना फक्त आमचा अहवाल हवा होता. ग्रॅहम म्हणाले, जुलैत जाऊन सर्व्हे करू, हवा चांगली असते. ताईंनी फेब्रुवारीचा हट्ट धरला.

“जुलैमध्ये कोणतंही शहर हसते,” त्या म्हणाल्या. “थंडीत जो येतो, त्याला विचारायचं का आला म्हणून.”

आम्ही दोघं गेलो. स्टेशनच्या वरच्या अंगाला गेस्टहाउसांची एक ओळ होती, त्यातल्या एकात उतरलो. बाहेर वारा असा, की छत्री उघडायची सोय नव्हती. असल्या हवेत गेस्टहाउस रिकामं असेल असं मला वाटलं होतं. सकाळी नाश्त्याला खाली आलो तर एकही टेबल मोकळं नव्हतं. एवढी माणसं, पण बोलणं जवळजवळ नाही. चमच्यांचा आवाज येत होता.

मालकीणबाईंच्या परवानगीने ताई टॅबलेट घेऊन एका टेबलाशी गेल्या. मी शेजारी. तिथे साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. नाव मोराग. एका बेटावरून फेरीबोटीने आल्या होत्या. ताईंनी आमची ओळख सांगितली आणि प्रश्न विचारायला लागल्या. मुक्कामाचं कारण? चार पर्याय होते. सुट्टी, काम, मित्र-नातेवाइकांची भेट, इतर.

मोराग म्हणाल्या, “नवऱ्याला भेटायला आले आहे. म्हणजे तिसरा पर्याय.”

ताईंनी तिसरा पर्याय दाबला. किती दिवस राहणार? माहीत नाही म्हणाल्या. जेवण कुठे करता? हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, कधी दुकानातलं सँडविच. तेवढ्यात ताईंचा हात थबकला असावा, पण टॅबलेटवर पुढचा प्रश्न आलाच होता आणि सवयीने तो वाचूनही झाला. आपल्या मित्रपरिवाराला आपण या शहराची शिफारस कराल का? एक ते पाचमध्ये सांगा.

मोराग यांनी चहाचा कप खाली ठेवला. खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, “चार. लोक चांगले आहेत इथले.”

मी सभ्य माणसं पुष्कळ पाहिली आहेत. इतकी सभ्यता मला सहन झाली नाही. ताईंनी टॅबलेट उलटा ठेवला आणि विचारलं, ते कसे आहेत आता? मोराग यांनी सांगितलं. आयसीयूमध्ये होते. बेटावर असलं काही नसतं. हेलिकॉप्टरने आणलं होतं, त्यात बायकोला जागा नव्हती, म्हणून त्या फेरीने मागून आल्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने न विचारता सांगितलं, की त्याची मुलगी तिथेच आहे, वरच्या मजल्यावर. तो डोंगरातल्या एका खेड्यातून आला होता. ताईंनी खोलीभर नजर फिरवली. बहुतेक सगळे तेच.

बाहेर आल्यावर समुद्राच्या भिंतीशी उभ्या राहून त्या भडकल्या. मराठीत. वाऱ्यात त्यांचे शब्द तुटत होते.

“कोणी लिहिला तो प्रश्न? मी लिहिला! खोलीत बसून, चहा पिऊन लिहिला. नवरा आयसीयूमध्ये आहे आणि मी तिला विचारून राहिली, गाव आवडलं का बाई? आणि तिने मार्क दिले रे. चार! मला लाज वाटू नये म्हणून दिले तिने.”

मला आमच्या जिल्ह्याचा सरकारी दवाखाना आठवला. आवारात तीन दगड मांडून भाकरी भाजणारे नातेवाईक, झाडाला बांधलेली पिशवी, जमिनीवर अंथरलेली चादर. मी ते ताईंना सांगितलं.

“नागपूरलाही तसंच,” त्या म्हणाल्या. “पण तिथे त्यांना कोणी टुरिस्ट म्हटलं असतं का? त्यांच्या भाकरीला टुरिझमचा खर्च म्हटलं असतं? आपण म्हणतो. ज्याने आपल्या घराबाहेर रात्र काढली तो पर्यटक. ही आपली व्याख्या. तिचं सँडविच, तिची टॅक्सी, सगळं शहराचं उत्पन्न. आता वरून त्या खोलीवर करही द्यायचा तिने.”

पुढचे दिवस ताईंनी ठरलेल्या सर्व्हेचं नावही काढलं नाही. त्या ओळीतल्या सगळ्या गेस्टहाउसांत गेल्या. प्रश्नावली बॅगेत ठेवली आणि नुसत्या बसल्या, बोलल्या. तिसऱ्या पर्यायातली थंडीतली बहुतेक माणसं हॉस्पिटलसाठी आलेली होती. कौन्सिलला हवं असेल तर अशा लोकांना करातून सूट देता येते, कायद्यात तेवढी मोकळीक आहे. ताईंनी एक परिच्छेद लिहिला. रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकाला सूट द्यावी. हॉस्पिटलने दिलेली चिठ्ठी दाखवली की पुरे. अख्ख्या अहवालात त्यांना तेवढंच हवं होतं.

अहवाल ग्रॅहम यांच्याकडून फिरून आला तेव्हा तो परिच्छेद परिशिष्टात गेला होता. आणि मुख्य भागात एक नवीन वाक्य आलं होतं. ते मला अजून पाठ आहे: ‘मित्र-नातेवाइकांच्या भेटीसाठी येणारा वर्ग हिवाळ्यातही टिकून राहतो आणि या मागणीत वाढीस चांगला वाव आहे.’

ताईंनी ते मोठ्याने वाचलं. अख्ख्या ऑफिसात.

“वाढ? कशी वाढवायची बाप्पा? लोकांना जिन्यावरून ढकलायचं का? की विहिरीत काही टाकायचं?”

त्या ग्रॅहम यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि मलाही बोलावलं, कारण तक्ते माझे होते.

ग्रॅहम वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्या आईच्या आजारपणात मला सुट्टी दिली होती, विमानाचं तिकीट कंपनीने काढलं होतं. हे मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही. पण त्या दिवशी ते जे बोलले त्याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

“कुंदा, आपल्याला लेव्हीचा फायदा मोजायला सांगितलंय. हॉस्पिटल हा आरोग्य खात्याचा विषय.”

“ते लोक आपल्या आकड्यात आहेत, ग्रॅहम.”

“आकड्यात आहेत कारण व्याख्या तशी आहे. व्याख्या आपण केलेली नाही.”

“बरं. मग त्यांना आकड्यातून काढू.”

“काढले तर हिवाळा कोसळतो. कौन्सिलला बारमाही पर्यटनाचं शहर दाखवायचं आहे. आणि सूट म्हटली की चिठ्ठ्या तपासा, वाद घाला. त्यांना ते नको आहे. खरं सांगायचं तर तुझ्याकडे पुरावाही नाही. नाश्त्याच्या गप्पा आहेत.”

ताईंचा आवाज खाली गेला. “विथ रिस्पेक्ट,” त्या म्हणाल्या, “मी हा पुरावा गोळा करू का असं तुम्हाला लिहून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बजेट नाही. आधी बघायचं नाही असं ठरवायचं आणि मग दिसत नाही म्हणायचं, याला मी संशोधन म्हणत नाही. माझं नाव या अहवालावरून काढा.”

ग्रॅहम म्हणाले, नीट विचार कर. त्या म्हणाल्या, केला.

शेवटच्या मसुद्यात परिशिष्टातूनही तो परिच्छेद गेला. ते वाक्य मात्र राहिलं. ताईंचं नाव निघालं, आणि महिन्याअखेरीस ताईही गेल्या. त्या टेबल आवरत होत्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, माझंही नाव मी काढायला सांगतो.

“काही गरज नाही.”

“ताई, पण तक्ते माझे आहेत. मलाही—”

“गप बस. तुझा व्हिसा त्यांच्या हातात आहे. नोकरी गेली की तुला हा देश किती दिवस ठेवते, ठाऊक आहे ना? घरी कोणाकोणाचं तुझ्यावर चालते, तेही मला ठाऊक आहे. मी राग परवडणारी बाई आहे. माझ्या नवऱ्याला पगार आहे, डोक्यावर घर आहे. ज्याला परवडते त्याने करायचं असते हे. तू शिकून घे, नीट पाय रोव. तुझी पाळी येईल.”

मला मान्य करावं लागलं. चिडून, पण करावं लागलं. परदेशात येऊन शिकलेल्या माणसाला कृतज्ञ कसं राहायचं ते चांगलं येतं. पण त्याच कृतज्ञतेने त्याचं तोंड बंद होतं. ताईंनी ते माझ्याआधी ओळखलं होतं.

कौन्सिलची सभा वसंतात झाली. ग्रॅहम आणि मी प्रश्नांना उत्तरं द्यायला गेलो होतो. लोकांसाठीच्या खुर्च्यांवर ताई बसलेल्या दिसल्या. निळा कोट, मांडीवर पर्स. नागरिकांना बोलायला थोडा वेळ मिळतो, त्यासाठी त्यांनी नाव दिलं होतं. अध्यक्ष होते एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. सौजन्यात कुठे कसर नव्हती.

ताई उठल्या. हातात कागद नव्हता.

“मी मोराग या बाईंच्या परवानगीने बोलते आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “त्या बेटावरून इथे आल्या, कारण त्यांच्या नवऱ्यावर उपचार करू शकेल असं हॉस्पिटल फक्त इथे आहे. मी त्यांना विचारलं, शहराची शिफारस कराल का. त्यांनी चांगले मार्क दिले. तुमच्या अहवालात तुम्हाला जे समाधानी पाहुणे दिसतात, त्यांत त्या आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांचे पती गेले. सकाळी त्यांनी बॅग भरली आणि खाली येऊन खोलीचं बिल मागितलं. मालकीणबाईंनी ते पाकिटात घालून दिलं आणि त्यांना मिठी मारली. आता तुम्ही आज हात वर केलेत, की अशा प्रत्येक बिलावर एक ओळ वाढेल, व्हिजिटर लेव्ही. मी या कराच्या बाजूची आहे. मी माझं आयुष्य असे हिशेब मोजण्यात घालवलं. मला फक्त एवढं सांगा, त्या सकाळी ती ओळ त्या बाईला समजावून कोण सांगणार? तुमच्यापैकी कोणी येणार आहे का?”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. “धन्यवाद, मिसेस वैरागडे. फार हृदयस्पर्शी होतं. आपली वेळ संपली आहे.”

ताई बसल्या नाहीत.

“आपण बसू शकता.”

“थँक यू. मी उत्तरासाठी थांबते.”

“या भागात प्रश्नोत्तरं नसतात. निवेदन असतं फक्त.”

“काही हरकत नाही. मला घाई नाही.”

कोणीतरी घसा खाकरला. एक अधिकारी वाकून त्यांच्या कानाशी काही बोलला. ताईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली, रागाने नाही, आणि तो जागेवर परत गेला. अध्यक्षांनी पुढे वाचायला सुरुवात केली. सूट देणं प्रशासनाला गुंतागुंतीचं आहे, योजना स्थिरावल्यावर केव्हातरी विचार करता येईल. हात वर झाले. बहुतेक सगळे. काहींनी कोपर टेबलावरून उचललंही नाही, नुसता पंजा उभा केला. ठराव मंजूर झाला. ग्रॅहम यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

ताई त्यानंतर ग्लासगोत फार दिवस राहिल्या नाहीत. काका निवृत्त झाले आणि दोघं मुलीजवळ, दूर दक्षिणेला स्टॅनमोरला गेले. फोन येतात. कौन्सिलला त्या दर थोड्या दिवसांनी लिहितात आणि दर वेळी ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ असं उत्तर येतं, त्यावर मला फोन येतो आणि मी अर्धा तास ऐकतो. कर सुरू झालाय. हॉस्पिटलची माणसं तो भरतात. हे लिहितानाही मला संताप येतो आहे.

पण ताई म्हटलं की मला ती सभा दिसते. ठराव झाला आणि अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले. किनाऱ्याच्या रस्त्यावर खांबांना टांगायच्या फुलांच्या टोपल्या. एक बाई जांभळ्या फुलांच्या बाजूने बोलायला उठल्या. बोलता बोलता त्यांची नजर उजवीकडे गेली, तशी त्यांनी चटकन खाली कागदाकडे बघितलं. त्यांच्यानंतर जो उठला त्याचंही तेच झालं. ग्रॅहम यांनी माझ्या बाहीला हात लावला, ट्रेनची वेळ झाली होती. आम्ही कडेकडेने निघालो. दाराशी मी वळून पाहिलं. लोकांच्या खुर्च्यांवर सगळे बसले होते. मधोमध पाठमोऱ्या, निळ्या कोटात, पर्स दोन्ही हातांनी पुढे धरून, कुंदाताई उभ्याच होत्या.